साहेबांच्या हातचं सूप

साहेब, तुम्ही गेल्याची खबर मला शाळेत कळली. खिचडीचं आधण ठेवलं होतं, तांदूळ धुऊन निथळत ठेवले होते आणि माझ्यासोबत मिलमध्ये असलेल्या अनसूयाबाईचा फोन आला. ती म्हणाली, "सुशीला, आपला साहेब गेला वो." मी विचारलं, "कोण्या गावाले?" बघा ना, काय विचारलं मी! रिटायर झाल्यापासून तुमचं जाणं-येणं सुरूच होतं, मला वाटलं गेले असतील पोरीकडं नागपूरला. फोनवर अनसूयाबाई रडायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

पोरं ताटं घेऊन बसली होती, म्हणून खिचडी केली. मीठ टाकलं की नाही आठवत नाही. पोरांनी तशीच खाल्ली, मास्तरांनीही खाल्ली.

पेपरात तुमचा फोटो आला. खाली तुमचं गाव, शिक्षण, कुठं कुठं नोकरी केली ते सगळं छापलं होतं. छापलं ते बरंच केलं. पण मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तुम्ही उठून चालते झालात. हे काही तुम्ही बरोबर केलं नाही, साहेब. इतकी वर्षं तुम्ही मला सांगत होता, सुशीलाबाई, पूर्ण बोलून घ्या, मग बोलतो मी. माझं पूर्ण बोलून झालं नव्हतं ना अजून.

तुम्ही सरकारी कामगार अधिकारी आणि मी मुर्री गावची एक रेजा. राईस मिलमध्ये काम करणाऱ्या बाईला इकडं रेजाच म्हणतात. आपली गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. आम्ही बाया मिलच्या मागच्या पडवीत पोती अंथरून बसायचो, सुपानं तांदूळ पाखडायचो, काळे दाणे, खडे, तुटक्या तांदळाची कनकी वेगळी करायचो. नाकातोंडात धूळ, केसांत भुसा. पण कागदावर आम्ही नव्हतोच. कोणी तपासणीला आलं की गेटावरचा चौकीदार ओरडायचा, "चाय आ गई!" तेवढं ऐकलं की आम्ही सुपं टाकून भुसा ठेवायच्या टिनाच्या शेडमध्ये जाऊन बसायचो. साहेब लोक यायचे, बघायचे, जायचे. मग चौकीदार येऊन दार वाजवायचा आणि आम्ही पुन्हा पोत्यांवर. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू? उलट पाठ टेकायला मिळायची. कोणी तंबाखू काढायची, कोणी नणंदेची गोष्ट. त्या चहाचा घोट मात्र कधी कोणाला मिळाला नाही.

तुम्ही जीपनं आला नाहीत. पायी आलात, खांद्याला झोळा लावून. चौकीदाराला वाटलं, धानाचा भाव विचारायला आलेला कोणी शेतकरी असेल. तो ओरडला तेव्हा तुम्ही पडवीपर्यंत पोचला होता. आम्ही पळालो, पण सुपं तिथंच राहिली, भरलेली. मॅनेजर धावत आला. "साहब, यहाँ लेडीज कोई काम नहीं करती."

"मग ही सुपं कोणाची?" तुम्ही विचारलं.

"वो तो ऐसे ही पड़ी हैं."

टिनाला भोकं होती, आम्ही सगळ्या डोळा लावून होतो. मला वाटलं, आता हा साहेब आरडाओरडा करणार, शेड उघडायला लावणार. तुम्ही तसलं काही केलं नाही. चपला काढल्या, पोत्यावर मांडी घातली, अनसूयाबाईचं सूप उचललं आणि पाखडायला लागलात.

आणि काय ते पाखडणं, बाप्पा! सूप डावीकडं गेलं की तांदूळ उजवीकडं. भसाभस जमिनीवर. चांगला टपोरा तांदूळ धुळीत पडून राहिला. मॅनेजर "साहब, साहब" करतोय आणि तुम्ही आपले झटके मारताय. शेडमध्ये आमचा जीव वरखाली. एक जण म्हणाली, "अन्न सांडून राहिला मेला." मी अनसूयाबाईचा पदर घट्ट धरून ठेवला होता, कारण मला ती माहीत. कोणाच्या घरी जेवायला गेली तरी ताटाबाहेरचं शीत वेचून तोंडात टाकणारी बाई ती. पण किती धरणार? तिनं पदर हिसकला, दार ढकललं आणि गेली तुमच्या अंगावर.

"अगा ए बापू! काऊन सांडून राहिला? आण इकडं ते सूप! तुह्या मायनं काही शिकवलं नाही काय तुले?"

तुम्ही खाली बघितलं. मग सूप तिच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "शिकवा ना मग तुम्ही."

ती बसली की तिथंच, तुम्हाला दाखवायला. आणि सांडलेलं वेचायला आम्ही एकेक करून बाहेर आलो. कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही की आपण लपलो होतो. मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वेचून झालं आणि मान वर केली, तर तुम्ही झोळ्यातून कागद काढून बसलेले. नाव सांगा बाई. कधीपासून येता? कोणी म्हणाली, लग्न झालं तेव्हापासून. कोणी म्हणाली, मोठी पोरगी पोटात होती तेव्हापासून. अनसूयाबाईनं तर मिलची चिमणी बांधायची होती तेव्हापासून सांगितलं, आणि तुम्ही तेच लिहून घेतलंत.

तेव्हापासून अख्ख्या मुर्रीत एकच गोष्ट. साहेबाले पाखडता येत नाही! मी तर तुमच्या तोंडावर म्हणायची. तुमच्या हाफिसात येऊन, शिपायासमोर. तुम्ही हसायचे. कधी नाही म्हणाला नाहीत.

एक हंगाम आमचा बरा गेला. हजेरीच्या कार्डावर नाव आलं. प्यायच्या पाण्याचा माठ आला, नाकाला बांधायला फडकं मिळालं. अनसूयाबाई ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवायची, तिला वाचता येत नव्हतं तरी. पुढच्या दिवाळीनंतर मिलमध्ये दाणे निवडायची मशीन आली. तांदूळ वरून जातो, काळा दाणा आपोआप बाजूला उडतो. मालक स्वतः पडवीत आले, हात जोडून म्हणाले, "अब आप लोग आराम करो." बस, एवढंच. सकाळी कामावर आलेल्या बाया दुपारी घरी.

तुमच्याकडं मी त्याच दिवशी आली, पायी, तशीच भुशानं माखलेली. तुम्ही मला पाणी दिलंत आणि समजावायला लागलात. मशीन आणायला कायदा अडवत नाही. पण माणसाला काढायचं तर आधी सांगावं लागतं, सरकारला कळवावं लागतं, भरपाई द्यावी लागते, शेवटी आलेला आधी काढावा लागतो. मी ऐकून घेतलं, आणि मग माझा तोल गेला. "साहेब, आमचं नाव तुम्ही लिहिलं अन् आमचं काम गेलं. भुशात लपून होतो तेच बरं होतं!"

तुम्ही म्हणालात, "मशीन तर येणारच होती, सुशीलाबाई. तेव्हा लपलेल्या असता तर कोणाला काढलं हे कोणाला कळलंच नसतं."

"कळून काय झालं? कळल्यानं चूल पेटते काय?"

हेच ते भांडण, साहेब. तिथून सुरू झालं ते तुमच्या रिटायरमेंटच्या चहापर्यंत, त्यानंतर तुमच्या घरच्या पायरीवर, फोनवर, कोर्टाच्या व्हरांड्यात. दर वेळी मी तेच म्हणायची, तुम्ही तेच म्हणायचे. माझ्या माहेरी तलाव आहे, आमच्या कोहळी समाजाच्या जुन्या माणसांनी बांधलेला. तुम्ही एकदा म्हणालात, तुमच्या पूर्वजांनी तलावाची पाळ बांधली तेव्हा त्यांना तरी कुठं पाणी प्यायला मिळालं असेल लगेच? मला असा राग आला! मी म्हटलं, "त्यांच्या घरी तवर पुरेल एवढं धान होतं, म्हणून बांधली पाळ. आमच्या घरी काय आहे?" त्यावर तुम्ही गप्प झालात. तुमचं गप्प बसणं मला आवडायचं नाही. आता तर तुम्ही कायमचे गप्प बसलात.

तरी एक सांगते. समेटासाठी तुम्ही आम्हाला हाफिसात बोलावलं, तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. आम्ही सवयीनं भिंतीला टेकून खाली बसलो. एकीकडं मालक, त्यांचा वकील, मॅनेजर खुर्च्यांवर. तुम्ही फाईल उघडलीच नाही. म्हणालात, "सगळे खुर्चीवर बसल्याशिवाय मी सुरू करत नाही." खुर्च्या कमी पडल्या, तर शिपायानं शेजारच्या हाफिसातून आणल्या. अनसूयाबाई खुर्चीच्या अगदी काठावर बसली, पाय लोंबकळत. बोलणं सुरू झालं. मालक म्हणाले, "ये कभी हमारे यहाँ काम पर थी ही नहीं. गाँव की औरतें हैं, कनकी लेने आती थीं." आणि नेमका तेव्हाच शिपाई दारातून ओरडला, "चहा आला!"

झालं! अनसूयाबाई उठली आणि दाराकडं निघाली. तिच्यामागं आम्ही सगळ्या. पदर सावरत, चपला शोधत, दारात एकमेकींना धडकलो तेव्हा भानावर आलो की हे हाफिस आहे, मिल नाही. वकील खो खो हसला. तुम्हीही हसलात. मग चष्मा काढून पुसत बसलात, बराच वेळ. आणि म्हणालात, "अनसूयाबाई, बसा. हा चहा प्यायचा आहे."

साहेब, असा गोड चहा मी नाही प्यायली कधी.

समेट झाला नाही. प्रकरण कोर्टात गेलं. आम्ही मिलच्या कामगार होतो की कनकी मागायला येणाऱ्या बाया होतो, एवढंच कोर्टाला ठरवायचं आहे. मला भरपाईचं तेवढं नाही, जेवढं त्या "कभी थी ही नहीं"चं आहे. इतकी वर्षं तिथं बसून माझी कंबर गेली, डोळे गेले, आणि हा म्हणतो मी नव्हतीच. मग मी होती कुठं? हे मी तुम्हाला विचारायची तेव्हा तुम्ही म्हणायचे, "मी पाहिलं ना तुम्हाला. मी सांगीन."

तुम्ही रिटायर झालात, घरी बसू शकला असता. कोणी काही म्हणालं नसतं. पण दर तारखेला कोर्टात हजर, तोच झोळा. व्हरांड्यात बसून नव्या पद्धतींवर कुरकुर करायचे. आता म्हणे तपासणीला कोण्या मिलमध्ये जायचं हे संगणक सांगतो, वाटेल तेव्हा पायी जायची सोय नाही. मी म्हटलं, "मग चौकीदाराचंही काम गेलं म्हणा!" तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. तो खोकला तेव्हाच दाखवायला पाहिजे होता डॉक्टरला. मी म्हटलंही होतं. ऐकता थोडी कोणाचं?

मग तुमची साक्ष लागली. मिलच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही पाहिलं तेव्हा या बाया काम करत होत्या?" तुम्ही म्हणालात, "नाही. शेडमध्ये होत्या." हा माणूस खरं बोलून आमचा घात करणार, असं वाटलं. पुढं तुम्ही सांगितलं, "माझ्या हातून तांदूळ सांडला, तो त्यांना बघवला नाही, म्हणून त्या बाहेर आल्या. ज्याच्या हातचं ते काम आहे त्यालाच ते सांडलेलं बघवत नाही." वकील कसला ऐकतो! म्हणाला, "अन्न सांडलेलं कोणत्याच बाईला बघवत नाही. आणि सांडलं कसं? तुम्हाला जमत नव्हतं म्हणून, की तुम्ही मुद्दाम नाटक केलं? साक्षीदारानं कोर्टाला सांगावं, तुम्हाला पाखडता येतं का?"

लोक हसले. तुम्ही तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कोर्टाची वेळ संपली. पुढची तारीख.

बाहेर उसाच्या रसवंतीवर मी म्हटलं, "त्यात काय एवढं? येत नाही म्हणून सांगून टाका. सगळ्या मुर्रीले माहीत आहे." तुम्ही रसाचा ग्लास तोंडाला लावून म्हणालात, "पुढच्या तारखेला सांगतो." ती तारीख पुढं गेली. त्यानंतरचीही गेली. मग तुम्हीच गेलात.

तेरवीच्या आदल्या दिवशी आम्ही तुमच्या घरी आलो. तेंदूपत्त्याचे दिवस आहेत, अर्ध्या बाया पहाटेच जंगलात जातात. त्या दिवशी कोणी गेली नाही. तुमच्या घरच्या मॅडमनी आम्हाला पाणी दिलं. मी म्हटलं, "मॅडम, तेरवीचा तांदूळ आम्ही निवडू. दुसरं आमच्याजवळ काय आहे?" त्यांनी पोतं दाखवलं. दुकानातून आणलेला तांदूळ, मशीनमधून निघालेला, पांढरा फेक. एक काळा दाणा नाही, खडा नाही, कनकी नाही. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं. निवडायला काही नव्हतंच. तरी बसलो. मॅडम गच्चीवरून सूप घेऊन आल्या. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं, काठाला कापड शिवलेलं.

"हे त्यांचं," मॅडम म्हणाल्या.

"साहेबाचं? साहेबाले कायले लागते सूप?"

"घरचे तांदूळ तेच पाखडायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. माझ्या सासूबाई तुमसरकडं एका मिलमध्ये रेजा होत्या ना. त्यांनी शिकवलेलं. एक दाणा खाली पडायचा नाही त्यांच्या हातून."

अनसूयाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "अन् मी त्याच्या मायले बोलली वो. मायनं शिकवलं नाही काय म्हणली."

मॅडम तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. म्हणाले, आज मी अन्न सांडलं, आई असती तर मारलं असतं मला. मी म्हटलं, त्या बायांना सांगून टाका खरं. म्हणाले, त्यांना हसू दे. साक्ष लागली तेव्हा म्हणाले, कोर्टात विचारलंय, कोर्टातच सांगीन."

आम्हाला फसवलंत, साहेब. तुम्हाला माहीत होतं की हाकेला आम्ही येणार नाही, धाकाला येणार नाही, पण सांडलेल्या तांदळाला येऊच. तुमची मायही आली असती. सगळ्या गावानं तुमची टिंगल केली, मी सगळ्यांत जास्त केली, आणि तुम्ही हसत राहिलात. रेजाचा पोरगा आमच्यात येऊन बसला होता, आणि आम्हाला वाटलं, साहेब आहे, याला काय कळतं सुपातलं. एकदा तरी सांगायचं होतं! मी तुम्हाला साहेब म्हणणं सोडलं नसतं. पण भांडताना थोडा आवाज कमी ठेवला असता कदाचित. नाही, नसता ठेवला. तरी सांगायचं होतं.

आपलं भांडण तुम्ही जिंकलात असं मी आजही म्हणणार नाही. शाळेत खिचडी शिजवते मी, ते मिलमधल्या कामासारखं नाही. तिथं आम्ही सगळ्या एका ओळीत बसायचो, ते गेलं ते गेलंच. भुशात होतो तेच बरं होतं, असं अजूनही एखाद्या दुपारी वाटतं. पण तुम्ही आला नसता, तर मी होती हे माझं मलाच वाटलं नसतं, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. यातलं दुसरं तुम्हाला बोलून दाखवायचं राहून गेलं. तुम्ही लई उपकार केले आमच्यावर, साहेब, हेही राहिलं. आपल्याकडं असं तोंडावर कोणी म्हणत नाही.

तुमची साक्ष अर्धी राहिली. आमचा वकील म्हणतो, अर्ध्या साक्षीचं वजन कमी पडते. आता माझी साक्ष आहे, धान रोवणीच्या आधी. मी त्या पेटीत उभी राहणार आणि जे तुम्ही सांगणार होता ते मी सांगणार. हव, साहेबाले पाखडता येत होतं. मुद्दाम सांडलं त्यांनी. त्यांना माहीत होतं शेडमध्ये कोण आहे, कारण त्यांची माय तेच काम करत होती. वकील हसला तर हसू दे. माझा पुकारा होईपर्यंत मी खुर्चीवर नीट मागं टेकून बसीन, आणि चहा आला म्हणून कोणी ओरडलं तरी उठणार नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुमच्या घरी, मॅडमचं सांगून झाल्यावर, मी तुमचं सूप हातात घेतलं. मशीनचा तांदूळ, पाखडायला काहीच नव्हतं. दोन-चार झटके दिले आणि मग मी सूप वाकडं केलं. मुद्दाम. तांदूळ खळखळ करत फरशीवर पसरला, पार आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेला. अनसूयाबाई ओरडली नाही. आम्ही सगळ्या त्या दाराकडं बघत राहिलो. कितीतरी वेळ बघत राहिलो, साहेब.

तुम्ही बाहेर आला नाहीत. मग आम्ही खाली बसून वेचायला लागलो.